आषाढात किती चुली पेटतात? मुंबईत राहून आपल्या गावाची माणसं आणि मिळकत मोजण्याची रीत

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्रातल्या तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर, आणि तिसरा जिल्हा मुंबई शहर: ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर. पहिल्या दोन जिल्ह्यांतली माणसं निघून तिसऱ्यात गेली असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. पण तिसराही रिकामा होतोय, कारण लालबाग-परळच्या खोल्या विकून आपण डोंबिवली, नालासोपारा, विरार गाठलं. आमच्या ग्रामस्थ मंडळाची सभा अजून परळच्या खोलीतच भरते, सभेला येणारे मात्र सगळे कर्जत नाहीतर विरार लोकल धरून येतात.

अशाच एका सभेत दोन ज्येष्ठांची जुंपली. एक म्हणाले, गाव ओस पडलं. दुसरे म्हणाले, ओस कसलं, घराघरांवर स्लॅब पडलेत, गाव सुधारलं. दोघेही आपापल्या परीने खरं बोलत होते आणि दोघांकडेही एक आकडा नव्हता. तेव्हा आकडा काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ते करताना कुठे कुठे फसलो त्यासकट सगळी रीत इथे लिहितोय. उदाहरणं कोकणातली आहेत, पण घाटावरच्या छोट्या गावालाही हीच रीत चालेल.

आधी ठरवा: गाव म्हणजे कोणतं?

हे हास्यास्पद वाटेल, पण निम्मे घोळ इथेच होतात. जनगणनेचं गाव म्हणजे महसुली गाव, ज्याचा सातबारा वेगळा निघतो. ग्रामपंचायत गट ग्रामपंचायत असेल तर तिच्यात दोन-तीन महसुली गावं येतात. आणि आपण सभेत ‘गाव’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर बहुतेक वेळा आपली वाडीच असते. मी पहिल्या खेपेला पंचायतीचे आकडे आणि जनगणनेचे आकडे शेजारी शेजारी मांडून ‘गाव दुप्पट झालं’ असा निष्कर्ष काढून बसलो होतो.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर महसुली गावाचं नाव, २०११ च्या जनगणनेतला गावाचा सहा अंकी संकेतांक, आणि गावात येणाऱ्या सगळ्या वाड्यांची नावं लिहा. मागे जाताना जिल्हा-तालुकाही तपासा. सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला वेगळा झाला, त्यामुळे १९७१ च्या पुस्तकात सावंतवाडीकडचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात सापडेल. पालघर १ ऑगस्ट २०१४ पासूनचा, त्याआधीचं सगळं ठाण्यात.

जनगणना: पाया हाच, पण काय मोजलंय ते ओळखा

जनगणनेच्या संकेतस्थळावर ‘जिल्हा जनगणना पुस्तिका’ मिळतात. त्यात प्रत्येक गावाची एक ओळ असते: कुटुंबं, पुरुष, स्त्रिया, सहा वर्षांपर्यंतची मुलं, साक्षर, आणि काम करणारे. काम करणाऱ्यांत मुख्य म्हणजे वर्षातून सहा महिने किंवा जास्त काम असलेले, सीमांत म्हणजे त्याहून कमी. पुढे चार खाने: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग, इतर. १९९१, २००१ आणि २०११ च्या ओळी एकाखाली एक लिहिल्या की निम्मं चित्र उभं राहतं. ‘शेतकरी’ कमी आणि ‘इतर’ जास्त होत असतील तर मिळकतीचा रोख कुठे वळलाय ते इथेच कळतं.

दोन गोष्टी ध्यानात असू द्या. एक, जनगणनेत उत्पन्न विचारतच नाहीत, त्यामुळे तिथे ते शोधू नका. दुसरी, २०११ ची माणसांची गणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, आणि त्या वर्षी होळी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात होती. म्हणजे शिमग्याला पालखी नाचवायला आलेले चाकरमानी त्या आकड्यात नाहीत. आकडा खरा आहे, आपल्या मनातल्या भरलेल्या गावाचा नाही एवढंच.

स्त्री-पुरुष प्रमाण जरूर काढा. रत्नागिरीत २०११ ला हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा ‘मुलींचं प्रमाण चांगलं’ म्हणून मिरवणारे मी पाहिलेत. त्यामागचं मोठं कारण पुरुष मुंबईत असणं हे आहे. मुलींबद्दल बोलायचं असेल तर सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा खाना बघा.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची आहे. तोवर मधली वर्षं आपल्यालाच भरायची आहेत.

जुनं काही हवं असेल तर मुंबईसारखी जागा नाही. टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जुनी गॅझेटियर्स आहेत, रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचा दफ्तरखाना आहे. वांद्र्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ही तालुक्यापर्यंतच्या माहितीसाठी उपयोगी पडतात. पण हे हौसेचं काम झालं. वेळ कमी असेल तर सरळ पुढच्या पायरीला या.

गावातली दप्तरं: प्रत्येक वही थोडी थोडी फसवते

सगळ्यात भरवशाची वही ग्रामपंचायतीत सापडेल असं वाटतं. मला ती सापडली जिल्हा परिषदेच्या शाळेत. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये दर वर्षी पहिलीत किती मुलं दाखल झाली ते ओळीने मिळतं, पन्नास-साठ वर्षांचं. हा आकडा म्हणजे साधारण सहा वर्षांपूर्वी गावात जन्मून टिकलेल्या मुलांचा. गुरुजींच्या समोर बसून मी पानं उलटत होतो, शाळा सोडल्याच्या कारणाच्या खान्यात निळ्या शाईत एकाखाली एक: ‘मुंबईस गेला’, ‘मुंबईस गेला’, ‘मुंबईस गेली’. एवढ्या एका खान्यावरून स्थलांतराचा आलेख काढता येतो. शाळेचा पट कमी झाला म्हणून मुलं जन्मलीच नाहीत असं मात्र समजू नका. जवळच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी वाडीत येते का ते आधी विचारा.

ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूचं रजिस्टर असतं. पण नोंद घटना घडते तिथे होते. बाळंतपणं आता तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या दवाखान्यात होतात, म्हणून जन्म तिथे नोंदला जातो. म्हाताऱ्या माणसाला उपचाराला मुंबईत आणलं आणि ते इथेच गेलं, तर मृत्यू महापालिकेच्या दप्तरात. गावाची वही दोन्हीकडून रोडावते. म्हणून जन्मांसाठी अंगणवाडी ताईंची सर्वेक्षण वही आणि आशाताईंची घरभेटीची नोंद धरा. वाडीत कोण गरोदर आहे, कोण कालच मुंबईहून परतलं, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांचा वेळ घ्याल तर चहा-पाण्यावर बोळवण करू नका. मंडळातर्फे अंगणवाडीला काही वस्तू द्या.

नमुना ८ म्हणजे घरपट्टीची आकारणी नोंदवही. घर मातीचं की पक्कं, छप्पर कसलं, आकारणी किती, सगळं तिथे असतं. इथला सापळा असा की भाऊवाटणी झाली की एका घराची तीन घरं होतात. माणसं घटत असताना घरं वाढताना दिसतील. प्रत मिळायला टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज आहेच, पण ग्रामसेवकाशी (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, लोकांच्या तोंडी जुनंच) आधी गोडीने बोला. अर्जाने कागद मिळतो, कागदातलं काय खरं ते माणूसच सांगतो.

मतदार यादी घरबसल्या मिळते आणि तिच्यात वय छापलेलं असतं, हा तिचा मोठा गुण. साठीच्या वरचे किती ते मोजता येतं, गावपातळीवर वयाची इतकी बारीक माहिती दुसरीकडे सहसा मिळत नाही. मात्र तिच्यात मयत माणसं असतात आणि आपण मुंबईकरही असतो.

दोन याद्या: गावाची आणि मुंबईची

आता खरं काम. इथे मंडळाकडे अशी वस्तू आहे जी कुठल्याही सरकारी कार्यालयात नाही: वर्गणीची वही. आमच्या मंडळाच्या पत्र्याच्या पेटीत जुन्या वह्या निघाल्या. प्रत्येक नावापुढे पत्ता आणि रक्कम. आधी सगळे पत्ते गिरणगावचे, गावच्या खोलीतले, एका खोलीत आठ-दहा नावं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, त्यानंतरच्या पानांवर कित्येक नावांपुढे नुसती रेघ. पुढे पत्ते पसरत जातात. कोण परत गावी गेला, कोणी उपनगरात घर घेतलं, हे त्या वह्या सांगतात.

गावची यादी आणि मुंबईची यादी समोरासमोर ठेवून प्रत्येक घराला एक क्रमांक द्या, म्हणजे एक माणूस दोनदा मोजला जाणार नाही. मी पहिल्यांदा माझ्याच चुलतभावाचं कुटुंब दोनदा मोजलं होतं, एकदा मधल्या वाडीत आणि एकदा नालासोपाऱ्यात. वहिनीनेच सभेत हसत दाखवून दिलं.

गावात कोण ‘राहतं’ हे ठरवायला आमची कसोटी सोपी: आषाढात त्या घरात चूल पेटते का? गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात सगळीच घरं भरलेली असतात. आषाढात गावी बोलावणारा सण नाही, रजा नाही, पाऊस धो धो. तेव्हा जो घरात आहे तो गावचा रहिवासी. कुटुंब म्हणजेही एका चुलीवर जेवणारे, जनगणनेची व्याख्याही याच अंगाने जाते. गॅस आला तरी शब्द चूलच ठेवा, चटकन समजतो. गणपतीत गेलात आणि तेव्हाच विचारणं भाग असेल तर प्रश्न असा करा: ‘यंदा लावणीला या घरात कोण कोण होतं?’

घरांचे चार प्रकार करा. बारमाही चूल असलेली. फक्त म्हातारी माणसं राहणारी. सणावारी उघडणारी. कायमची कुलूपबंद, अंगणात रान माजलेली. दुसऱ्या प्रकाराकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. दहा वर्षांनी ती घरं तिसऱ्या किंवा चौथ्या प्रकारात गेलेली असतील.

वजाबाकी

पुढची लोकसंख्या म्हणजे मागची लोकसंख्या, अधिक जन्म, वजा मृत्यू, अधिक आलेले, वजा गेलेले. समजा एका गावात २००१ ला ६१२ माणसं होती आणि २०११ ला ५४०. घट ७२. या दहा वर्षांत जन्म ७०, मृत्यू ८५, म्हणजे १५ माणसं जन्म-मृत्यूच्या हिशेबात कमी झाली. उरलेली ५७ बाहेर गेली (आलेल्यांची संख्या वजा करून). दशकाची घट ११.८ टक्के, वर्षाला सरासरी साधारण सव्वा टक्का.

या वजाबाकीतून गावाचा स्वभाव कळतो. बरीच वर्षं गावं तरुण बाहेर गेल्यामुळे घटतात. नंतर अशी वेळ येते की जाणारेच संपलेले असतात, आणि घट मृत्यूंमुळे होऊ लागते. तुमचं गाव कुठल्या टप्प्यात आहे ते बघा, कारण दोन्हीवरचे उपाय वेगळे.

लहान गावात टक्केवारी जपून वापरा. चारशे वस्तीच्या गावातून चार माणसांचं एक कुटुंब गेलं की एक टक्का गेला. म्हणून एका वर्षाचा आकडा कधी मांडू नका, तीन-तीन वर्षांची बेरीज किंवा सरासरी घ्या. आणि टक्क्यांशेजारी माणसांचा आकडा लिहा.

मिळकत: थेट विचाराल तर उत्तर मिळणार नाही

माझा पहिला प्रयत्न असा झाला.

‘काकी, वर्षाचं उत्पन्न किती?’

‘कसलं उत्पन्न रे बाबा! घातलेलं सुटलं तरी पुष्कळ.’

वही बंद. नंतर लक्षात आलं की ‘उत्पन्न’ हा शब्दच दाखल्याचा आणि रेशनकार्डाचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो आणि विचारलं, ‘काकी, यंदा कलमांना आंबा कसा होता? वाशीला किती पेट्या गेल्या?’ काकी उठल्या, देव्हाऱ्यामागून प्लास्टिकची पिशवी काढली आणि दलालाच्या पट्ट्या समोर ठेवल्या. पेटीचा भाव, हमाली, भाडं, दलाली, हातात आलेली रक्कम, सगळं लिहिलेलं. त्यातून फवारणी, खत, राखणदार, आंबा काढणाऱ्यांची मजुरी आणि रिकाम्या खोक्यांचा खर्च वजा केला की खरी मिळकत. बाग खंडाने दिलेली असेल तर काम आणखी सोपं, खंडाची रक्कम हीच मिळकत.

म्हणून मिळकत वाटेवाटेने विचारा. जी वर्षातून एकदा येते ती वर्षाची, जी महिन्याला येते ती महिन्याची, जी रोजची ती ‘गेल्या महिन्यात किती दिवस कामाला गेलात’ अशी. भात, नाचणी, काजू, आंबा. रोजगार: लावणी, चिरेखाण, बांधकाम, रिक्षा. पगार आणि पेन्शन. सरकारी पैसा: पीएम-किसानचे वर्षाला ६,००० आणि नमो शेतकरीचे ६,०००, लाडकी बहीणचे महिना १,५०० (जुलै २०२४ पासून), संजय गांधी निराधारचं महिन्याचं अनुदान. सरकारी पैशाचा रकाना वेगळा ठेवा. तो शेतीच्या रकान्यात मिसळलात तर शेती सुधारल्याचा भास होईल.

घरचं भात विकलं नाही म्हणून सोडू नका, गावातल्या भावाने त्याची किंमत धरा. रेशनचं फुकट धान्यही निराळं लिहा.

मुंबईहून येणारा पैसा हा सगळ्यात नाजूक भाग. आमचा नियम असा: मुलगा मुंबईत किती कमावतो ते गावच्या हिशेबात नाही, तो घरी जे पाठवतो तेवढंच आहे. पूर्वी मनीऑर्डर यायची, आता पैसे फोनवर येतात, आणि खूपदा तेही येत नाहीत, औषधं, गॅसचं बिल, किराणा परस्पर भरला जातो. तेही धरा. देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी मात्र कुठल्या घराची मिळकत नव्हे. आणि स्लॅबच्या घरांवरून श्रीमंती मोजू नका. आमच्या वाडीतली सगळ्यात देखणी दोन घरं वर्षातून पंधरा दिवस उघडतात.

रेशनकार्डाचा रंग हीही कच्ची खूण. पिवळं १५,००० पर्यंत, केशरी एक लाखापर्यंत, पांढरं त्यावर, या मर्यादा इतक्या जुन्या आहेत की कार्डावरून आजचं घर ओळखू येत नाही.

सरासरी नको, मधलं घर शोधा

पाच घरांची वर्षाची मिळकत समजा ६०,०००, ८५,०००, १,१०,०००, १,४०,००० आणि ९,००,००० आहे. शेवटचं घर पेन्शनवाल्या शिक्षक दांपत्याचं. सरासरी येते २,५९,०००, आणि पाचपैकी चार घरं तिच्या खूप खाली आहेत, तीन तर तिच्या निम्म्यालाही पोचत नाहीत. घरं चढत्या क्रमाने लावून मधोमध येणारं घर घ्या: १,१०,०००. गावाबद्दल बोलायचं ते या घरावरून. शिवाय मिळकतीला चुलीवरच्या माणसांनी भागा. सहा जणांचं कुटुंब तीन जणांचं झालं की घराची मिळकत घटते, माणशी कदाचित वाढलेली असते.

तुलनेला बाहेरचा एक आकडा हवा असतो. नाबार्डच्या पाहणीत २०२१-२२ साली देशातल्या ग्रामीण कुटुंबाची महिन्याची सरासरी मिळकत १२,६९८ रुपये निघाली, २०१६-१७ ला ती ८,०५९ होती. मात्र त्यात ५० हजारांच्या आतली निमशहरी गावंही धरलेली आहेत, आणि ती सरासरी आहे, मधलं घर नव्हे. जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न गावाला लावणं तर साफ चूक. त्यात बंदर, कारखाने, वीज प्रकल्प सगळं आलं.

दहा वर्षांपूर्वीचं कसं काढायचं?

सालावरून कोणाला काही आठवत नाही, घटनेवरून आठवतं. ‘कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा’ म्हणजे १९९८. ‘फयान वादळाच्या वर्षी’ म्हणजे २००९. ‘निसर्ग वादळात’ म्हणजे जून २०२०. त्या वेळी घरात कोण कमावत होतं, रोज (दिवसाची मजुरी) किती मिळायचा, घरावर कौलं होती की पत्रा, एवढंच विचारा. चोख रक्कम मागू नका, ती बनावटच मिळेल.

रुपये मात्र तसेच्या तसे शेजारी मांडायचे नाहीत. रीतसर करायचं तर ग्रामीण ग्राहक किंमत निर्देशांक (गावाकडची महागाई मोजणारा सरकारी आकडा) घ्या: जुनी रक्कम गुणिले आजचा निर्देशांक, भागिले तेव्हाचा. दोन्ही निर्देशांक एकाच पायावर्षाच्या (ज्या वर्षाचे भाव १०० धरतात त्या वर्षाच्या) मालिकेतले हवेत. सभेत समजावायला मी तांदूळ वापरतो. समजा दहा वर्षांपूर्वी रोज २०० होता आणि तांदूळ २५ रुपये किलो, तर रोजात आठ किलो. आज रोज ५०० आणि तांदूळ ५०, तर दहा किलो. रुपयांत अडीचपट, तांदळात सव्वापट. हे सांगितल्यावर ‘मजुरी किती वाढलीय बघा’ म्हणणारे बागायतदार जरा गप्प झाले.

मांडणी

सगळं एका पानावर बसवा: तीन जनगणनांची ओळ, आषाढातल्या चुलींचे चार प्रकार, वजाबाकी, मधल्या घराची मिळकत रकान्यांसह. पानावर कोणाचं नाव नको, घर क्रमांकही नको. मूळ वही दोघांकडेच राहील असं सभेत ठरवून घ्या. भावकीत कोणाच्या पट्टीवर किती रक्कम होती हे फुटलं तर पुढच्या वेळी एकही पिशवी देव्हाऱ्यामागून निघणार नाही.

आमचं पान देवळाच्या सभामंडपात लावलंय, एक प्रत परळच्या पेटीत आहे. त्यावर शेवटचा रकाना कोरा ठेवलाय, वर लिहिलंय ‘१ मार्च २०२७’. जुंपलेले ते दोन ज्येष्ठ गणपतीत त्या पानासमोर उभे होते. एकाने कुलूपबंद घरांवर बोट ठेवलं, दुसऱ्याने मधल्या घराच्या मिळकतीवर, आणि पुन्हा तावातावाने सुरू झाले. पण या वेळी दोघांनी चष्मे लावले होते.